डोंगराची वाट, उताराची वाट

निर्वासितांची छावणी, अक्कलकोट
घट बसल्याला तिसरा दिवस

प्रिय शिवगंगा,

तुझी बसम्मा माझ्याजवळ आहे. जिती आहे, धडधाकट आहे. आत्ता माझ्या मांडीला टेकून चिंचोके खेळायलीय. एवढं आधी दोनदा वाच, मगच पुढं जा.

वैशाखात तू तिला आमच्या ह्यांच्या खांद्यावर बसवलीस, तेव्हा अजून पुरतं उजाडलंही नव्हतं. तुझे मालक गुरुशांतप्पा सत्याग्रहात पकडले जाऊन गुलबर्ग्याच्या तुरुंगात होते. त्याची पोरगी उचलून नेऊ, असं रझाकार चावडीवर बोलून गेले होते. अंथरुणाला खिळलेल्या सासूला टाकून तुला निघता येईना. तू रडली नाहीस. पोरीच्या कपाळाला विभूती लावलीस आणि दार लावून घेतलंस. त्या दाराचा आवाज मी अजून ऐकते.

दिवस मावळायच्या आत निजामाच्या मुलखाची सरहद्द ओलांडायची होती. गल्लीतली चार म्हातारी माणसं गाडीत, आम्ही पायी. पहिल्या तळ्याजवळ पोचलो तर तिथं रझाकारांची घोडी पाणी पीत होती. ह्यांनी गाडी बाभळीच्या बनात घातली, बैलांच्या गळ्यातले घुंगरू मुठीत धरले. आम्ही बांधाआड पालथे पडलो. समोर पाणी चमकत होतं आणि बसीची जीभ कोरडी पडली होती. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, “मावशी, घोड्यांचं झालं की मग आपण पिऊ का?” मी तिचं तोंड माझ्या पोटात दाबलं. घोडी गेली, पण त्यातला एक स्वार मागं वळून वळून बघत होता.

तळ्याच्या पुढं वाट फुटते, तुला ठाऊक आहे. एक नदीच्या उताराकडं, गाडीची. दुसरी डोंगरावर, नुसती पायवाट. तिथं मेंढरं राखणारा हावगेप्पा भेटला. म्हणाला, “माघारी फिरलेत ते. चाकोरी बघत यायलेत. गाडी सोडा अन् डोंगर धरा.” गाडीतली म्हातारी माणसं डोंगर कशी चढणार? ह्यांनी बसीला खांद्यावरून उतरवून माझ्या कडेवर दिलं. “तू हिला घेऊन वरनं जा. मी गाडीसंगं उतारानं येतो. गाडीचा माग काढतील ते, तुझा कोण काढतंय?” मी हात धरला तर म्हणाले, “कामून रडायलीस? सांजच्याला पलीकडं भेटू.” आणि बैलांना हाक दिली. मुद्दाम मोठ्यानं दिली, शिवगंगा. ती हाक माझ्यासाठी नव्हती.

चढण नुसती काळ्या दगडांची, तापलेली. बसी थोडी चालायची, थोडी माझ्या पाठीवर. माथ्यावर आलो आणि खालून बार ऐकू आले. बसीनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, विहिरीचा सुरुंग. तिला खरं वाटलं. मलाही खरं वाटावं म्हणून मी तेच पुन्हा म्हटलं.

पलीकडच्या खोऱ्यातलं तळं आटून भेगाळलं होतं. काठाला एकच झोपडी. दारात एक मुसलमान म्हातारी ज्वारी पाखडत होती. तिनं आम्हाला बघितलं, माझ्या कपाळाचं कुंकू बघितलं, बसीची विभूती बघितली. “अंदर आओ अम्मा, बच्ची को पानी पिलाओ,” एवढंच म्हणाली. आम्ही कणगीमागं बसलो न बसलो तोच बाहेर टापा वाजल्या. कुणीतरी दरडावून विचारत होतं. म्हातारीचं सूप थांबलं नाही. “इधर कोई नै आया, बेटा,” ती म्हणाली. टापा दूर गेल्या, तरी माझे हात पोरीच्या तोंडावरून निघेनात. निघताना मी पाया पडायला वाकले, तर तिनं धरून उभं केलं आणि पदरात भाकरी बांधली.

मादन हिप्परग्याला वळसा घातला, जकात घेणारा करोडगिरीचा नाका ओढ्यातून चुकवला. सूर्य टेकला तेव्हा सरहद्दीचा दगड मागं पडला होता. बसी दगडाकडं तोंड करून बसली. “काका येईपर्यंत मी उठणार न्हाई,” म्हणाली. तिला उचलूनच आणावं लागलं.

तेव्हापासून मी ह्यांची वाट बघत होते. पोर पोचली एवढा निरोप तुला धाडायलाही पलीकडं जाणारं माणूस मिळेना. पकडून नेलं असेल, कुठल्या तुरुंगात असतील, असं म्हणत होते. निजाम शरण आला, तुरुंग उघडले. रोज येणाऱ्या माणसांचे चेहरे बघायचे. मग काल बाजारात आपल्या गावचा तिप्पण्णा दिसला. मला बघून मागं सरकला, जणू भूतच बघितलं. “कलाक्का, तू?” म्हणाला आणि त्यानं बसीच्या गालाला बोट लावून बघितलं. उतारावरच्या गाडीतलं कुणी वाचलं नाही, पोर ह्यांच्या, त्याच्या ग्यानबाअण्णाच्या, खांद्यावर होती म्हणजे तीही गेली, आम्ही दोघी नदीत वाहून गेलो असू, असं तुम्ही सगळ्यांनी धरलंय. तू तिच्या नावानं रडूनही घेतलंस म्हणे. एकाच तोंडून तुझी पोर मेलेली असल्याचं मला कळलं आणि मी विधवा असल्याचंही.

म्हणूनच हे पत्र लिहिलं. तिप्पण्णा आजच निघतोय, हे तो तुझ्या हातात देईल. त्याच्या नुसत्या सांगण्यावर तुझा विश्वास बसला नसता. परवा आम्ही दोघी निघतो. तो म्हणाला, गावात आमचं कुणीच उरलं नव्हतं, म्हणून तूच माणसं बोलावून ह्यांना तुमच्या मळ्यात, तुमच्या रीतीनं माती दिलीस. आमच्यात जाळतात, हे तुला ठाऊक होतं. तरी बरं केलंस. राख असती तर पाण्यात गेली असती. आता मला बसायला जागा आहे. पोर तुझ्या हातात दिली की आधी मला तिथं घेऊन चल.

तुझीच,
कलाबाई