पेटाऱ्यातला काका

४ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा काय म्हणतोय? आमच्याकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून.

परवा आमच्या वाचनालयात जुन्या वादळाच्या आठवणींचा कार्यक्रम झाला. ग्रंथपाल मीच, म्हणून सुरुवातही मीच केली. बाबा सांगायचे तीच गोष्ट सांगितली. छप्पर उडालं, पाणी खिडकीपर्यंत चढलं, तू आणि बाबा माळ्यावर तुळईला मिठी मारून बसलात आणि काका शिरला अंथरुणांच्या पेटाऱ्यात. पाणी ओसरलं तरी पेटारेशेठ बाहेर यायला तयार नाहीत. आतून झाकण धरून बसलेले, ओढून काढायला आलेल्या माणसाला कडकडून चावले. मी अगदी हातवारे करून सांगितलं. लोक पोट धरून हसले.

काका दुसऱ्या रांगेत होता. आधी तोही हसला. मग चहासुद्धा न घेता निघून गेला. तेव्हापासून त्याचं शिलाई मशिन दुरुस्तीचं दुकान बंद आहे. शेजारचा चांभार म्हणाला, पिशवी घेऊन कुठेतरी गेलेत. फोन उचलत नाही. मला तोंड लपवावंसं वाटतंय, पण चुकलं काय तेच कळत नाही. ही गोष्ट घरात त्याच्यासमोरच तर सांगतात.

उत्तर लवकर दे, रागावून दिलंस तरी चालेल.

तुझी भाची,
टिटवी

१० ऑगस्ट

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा आहे तिथेच आहे. तुझं पत्र वाचून मात्र माझी मान खाली गेली.

तुझा काका तेव्हा पाच वर्षांचा होता. हे तू सांगितलंस का गं? नसणारच, कारण आम्हीही कधी सांगत नाही. लोकांनी पाहिला टक्कल पडलेला, सुटलेल्या पोटाचा माणूस आणि तोच पेटाऱ्यात बसवला. तो स्वतःहून शिरला नव्हता. आईने आम्हा दोघांना माळ्यावर चढवलं, त्याला तिथल्याच पेटाऱ्यात बसवलं आणि बजावलं, की मी येऊन झाकण उघडीन तेव्हाच बाहेर यायचं, दुसऱ्या कुणी हाक मारली तरी नाही. मग ती शेजारच्या शिंपिणीला आणायला गेली. शिंपीण पायाने अधू होती, घरात तिची लहान मुलगी सोडून कुणी नव्हतं. आई परत आली नाही.

तुझी आजी वादळात गेली हे तुला माहीत आहे. पेटाऱ्याची गोष्टही माहीत आहे. दोन्ही एकाच दिवसाचं आहे, हे तुला कुणी जोडून दाखवलं नाही. आमचे बाबा म्हणायचे, पोटची तीन लेकरं टाकून परक्यांसाठी गेली. त्यांच्यासमोर आईचं नाव काढायची सोय नव्हती. मग गोष्टीतून आई गेली आणि चावरा पोरगा तेवढा राहिला.

तू त्याला पत्र लिही. फोनवर तो थट्टेवारी नेईल.

खात जा, हडकली असशील.

तुझी आत्या

२३ ऑगस्ट

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानाच्या दाराखाली पडलेलं मिळालं. इतकी माफी मागितली आहेस, की वाचताना मलाच संकोच वाटला. लोक हसले त्याचा मला राग नाही. तो चावा मलाही आठवतो. त्या माणसाचा अंगठा फार खारट होता.

मला लाज वाटली ती माझीच. भरलेला हॉल, नात बोलतेय आणि आजीचं नाव कुठेच नाही. मी उठून एवढंच सांगायचं होतं, की मला तिथे आईने बसवलं होतं. पण जीभ रेटेना. खरं सांगायचं तर मनातून मीही आमच्या बाबांसारखंच समजत आलो, की ती आम्हाला टाकून गेली. एवढा म्हातारा झालो, तरी तिच्यावर रुसलेलाच होतो.

म्हणून शिंपिणीच्या मुलीकडे गेलो होतो. आता तीही आजी झाली आहे. मी कोण ते सांगितल्यावर तिने हात धरून मला शेजारी बसवलं. मग म्हणाली, की तुझ्या आईने माझ्या आईला पाठीवर घेतलं, मला पुढे घातलं आणि शाळेच्या जिन्यापर्यंत आणलं. तिथे लोकांनी तुझ्या आईला अडवलं, आता वरच थांब म्हणाले. ती म्हणाली, माझी तिघं माळ्यावर आहेत, धाकटा तर मी उघडल्याशिवाय बाहेर यायचा नाही. हात सोडवून ती तशीच पाण्यात उतरली. जिन्याच्या कठड्यातून या मुलीला ती दिसत होती, आमच्या वाटेवरच्या पिंपळापर्यंत. पुढे दिसली नाही.

शिंपीण पुढे पुष्कळ जगली. बाबांनी तिला कधी दारात उभं केलं नाही, आणि तिनेही त्यांना काही सांगायची हिंमत केली नाही.

ताईला काल फोन केला. तिलाही हे सगळं सांगितलं.

पुढच्या कार्यक्रमात गोष्ट पुन्हा सांग. मी पुढच्याच रांगेत बसेन. मला चावू दे, लोकांना हसू दे. फक्त सुरुवात तिच्यापासून कर, आणि पिंपळापाशी तिचं तोंड कुणीकडे होतं ते सांगायला विसरू नकोस. ती आमच्या घराकडे येत होती.

लोभ आहेच, तो आता जरा जास्त धर.

तुझा काका