मूठ साखरेची, चिमूट मिठाची

३ जुलै १९७८, सांगली
टेप अखेर झाला. आवाज आमच्या वॉर्डातल्या आया शेवंताबाईंचा. पोराला जुलाब लागले तर तांब्याभर उकळून गार केलेलं पाणी, त्यात मूठभर साखर, चिमूटभर मीठ, आणि घोटघोट पाजत राहायचं. आधी माझ्या आवाजात घेतला होता. संशोधनाच्या प्रमुख मॅडमनी मधेच बंद केला. म्हणाल्या, परीक्षेला बसल्यासारखी बोलतेस.

नर्सेसचं संशोधन म्हटलं की इथली डॉक्टर मंडळी हसतात. मॅडमनी भांडून हा टेपरेकॉर्डर आणि चित्रं दाखवायचा प्रोजेक्टर मिळवलाय. माझ्या हातून काही बिघडलं तर?

९ जुलै
इस्लामपूरहून आत, क गाव. (मॅडमची सक्त ताकीद, गावांची नावं कुठंच लिहायची नाहीत.) इथं टेप ऐकवायचा, चित्रं दाखवायची. नदीपलीकडच्या ख गावात काहीच नाही. दिवाळीनंतर दोन्हीकडच्या बायकांना तेच प्रश्न विचारून तुलना.

देवळात बायका दाटीनं बसल्या होत्या. मशीनकडे कुणी फारसं बघितलं नाही. टेप संपला तसा एका म्हातारीनं विचारलं, ही बोलणारी कुणाच्यातली? परत लावा म्हणाल्या. तीनदा लावला. येताना एस.टी.त मशीन मांडीवर. हलकं वाटत होतं. आज तरी.

२ ऑगस्ट
ख मध्ये गॅस्ट्रो. आरोग्य केंद्राच्या नर्सबाई मीटिंगला आल्या होत्या, त्यांनी सांगितलं. नदीला पाणी, रस्ता मधूनमधून बंद, सलाईनच्या बाटल्या अपुऱ्या. आजारी पोरंच जास्त.

ते पाणी ख मधल्या बायकांना माहीत नाही, कारण माहीत होऊ नये असं आम्हीच ठरवलंय. कागदावर हे किती साधं वाटलं होतं.

३ ऑगस्ट
मॅडमकडे गेले. ऐकून घेतलं सगळं. म्हणाल्या, केंद्राची माणसं आहेत तिथं, काम करताहेत. मग, "तू गेलीस की तुलना संपली. तुलना संपली की मशीन कपाटात. पुढच्या शंभर गावांचं काय सांगशील?"

त्यांचं चूक आहे असं म्हणवत नाही.

४ ऑगस्ट
पुन्हा गेले. मी जाते म्हटलं, एवढंच. त्यांनी मान वर न करता मशीनच्या कपाटाची किल्ली टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

५ ऑगस्ट
नीट लिहवत नाही. तरी लिहिते.

ख मध्ये मशीन उघडायच्या आधीच एक बाई म्हणाली, ते पाणी व्हय, ते ठावं हाय की आमास्नी. क मधली लेक इकडं दिलेली, तिनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं पुढं. म्हणजे तुलना कधीच संपली होती. मी इतकी खूश झाले की हसायलाच लागले.

मग मला तिथल्या अक्काताईंच्या घरी नेलं. जैन कुटुंब, उसाचं रान, पहिलंच पोर, अजून वर्षाचं नाही. उलट्या-जुलाब थांबत आलेले. पण पोर विचित्र, मधेच किंचाळायचं, मधेच डोळे मिटून पडायचं. काय पाजलंत? तांब्या पुढं केला. मी एक घोट घेतला. गिळता आला नाही. मूठभर मीठ आणि चिमूटभर साखर. शब्द टेपवरचेच, नुसती जागा बदललेली.

साखर कारखान्याची जीप मिळाली. पोराला घेऊन अक्काताई सांगलीला. मी मागं राहिले, घरोघरी तांब्यातलं पाणी चाखत फिरले. डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर ओतून टाका, असं सांगत. बहुतेक ठिकाणी बरोबर होतं. आणखी दोन घरी नव्हतं. मशीन उघडलंच नाही.

६ ऑगस्ट
वॉर्ड. पोराला झटके येऊन गेले. डॉक्टर म्हणाले, रक्तात मीठ फार चढलंय. मी विचारलं, जुलाबानं की त्या पाण्यानं? म्हणाले, दोन्हींनी असेल. ते माझ्यावर हसले असते तर बरं झालं असतं.

अक्काताई पायरीवर बसलेल्या. मला बघून उठल्या. "सिस्टर, माज्या हातनंच झालं का वो?"

नाही म्हणायला तोंड उघडलं. मग सांगितलं, तुमच्यापर्यंत चुकीचं पोचलं, आणि ते पोचवायचं काम माझं होतं. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे.

८ ऑगस्ट
झटके थांबले. पोर अंगावर पितंय.

केंद्राच्या नर्सबाईंचा निरोप, ख मधली बाकीची पुष्कळ पोरं त्या पाण्यावरच तगली. दोन्ही खरं. दोन्ही एकदम डोक्यात राहत नाही.

मॅडम वॉर्डात येऊन गेल्या. पोराच्या तळव्याला बोट लावून बघितलं. जाताना म्हणाल्या, अहवालात लिहायचं तर सगळं लिही, नाहीतर काहीच लिहू नकोस. सगळं लिहिलं तर मशीन जाणार, हे त्यांनाही माहीत आहे.

११ ऑगस्ट
शेवंताबाईंना सांगितलं. चादरींच्या घड्या घालता घालता त्यांनी ऐकलं. म्हणाल्या, मूठ नि चिमूट पाठोपाठ नगं बोलाया. आदी साखर, पाणी ढवळाया लावू, मग मीठ. नवा टेप करू म्हणाल्या. मी हो म्हटलं नाही.

१४ ऑगस्ट
पोराला घरी सोडलं. हसतं. नजर धरतं की नाही याबद्दल डॉक्टर काही ठाम बोलत नाहीत, चार-सहा महिन्यांनी आणा म्हणतात.

स्टँडपर्यंत सोबत गेले. गाडी लागली होती. अक्काताई खिडकीशी बसल्या, पोर पदराखाली घेतलं. मग विचारलं, "परत आसं झालं, तर त्ये पाणी द्याचं का न्हाई?"

म्हटलं, द्यायचं.

त्यांनी पदर जरा सरकवून पोराकडे बघितलं. कंडक्टरनं घंटी मारली.