साठ टक्क्यांचं भजन

ती. अक्कास धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

दाजींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव. इकडे चोपड्याला देवाच्या कृपेने सगळं ठीक. तक्रार फक्त तुझ्या भूषणची आहे.

परवा सकाळी पूजा आटोपून मी लॅपटॉप उघडला आणि पॉवरच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरच्या वेगाची मर्यादा शंभरावरून साठ टक्क्यांवर आणली. दुपारी भूषणने तिकडे तुमच्या देवपूरला बसल्या बसल्या ती पुन्हा शंभर केली. (लॅपटॉप त्यानेच दिलेला, म्हणून दुरून आत शिरायची सोयही त्यानेच करून ठेवलेली.) महिनाभर हेच चाललंय. मी उतरवतो, तो चढवतो.

संध्याकाळी मंदिरात भजनाला बसलं की इथली वीज जाते, हे तुला ठाऊक आहे. अभंगांचे मोठ्या अक्षरांतले फोटो मी लॅपटॉपवर लावतो, कारण सुमनबाईंना पोथीतलं दिसत नाही आणि त्यांच्याशिवाय चाल उचलायला दुसरं कोणी नाही. शंभर टक्क्यांवर आतला पंखा मृदंगाच्या वर घुमतो आणि निम्म्या भजनात बॅटरी संपते. गेल्या एकादशीला पडदा काळा झाला, तशा सुमनबाईंनी टाळ खाली ठेवले. "गयात रे भाऊ, मना डोया गयात!" म्हणत, आपले डोळेच गेले असं समजून घरी गेल्या, त्या मी लॅपटॉप त्यांच्या ओट्यावर नेऊन दाखवीपर्यंत मंदिराकडे फिरकल्या नाहीत. आता पडद्याचा उजेड कमी करून बॅटरी वाचवावी, तर त्यांना दिसणार नाही. मग वेगच कमी करायचा ना?

भूषण फोनवर म्हणतो, "मामा, घोडा दिला तुम्हाला, तुम्ही त्याला घाण्याला जुंपलात!" मी म्हटलं, "बाबा, आम्ही बसल्या जागी भजन करतो. घोडा कुठे पळवू?" साठ टक्क्यांवर पुढचं पान सावकाश येतं, हे खरं. तोवर आम्ही ध्रुपद घोळवतो. (सुमनबाईंच्या मते भजनाला गोडी आत्ता आली, आधी म्हणे आम्ही एसटी चुकेल अशा घाईत गात होतो.)

लेकराला रागावू नकोस. पण माघार मी घेणार नाही.

तुझा भाऊ,
सुकदेव

ता. क. हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी, की भूषणला दुसरी भाकरी वाढलीस की हळूच सांग, मामाचा लॅपटॉप बिघडलेला नाही.

पुन्हा ता. क. त्याचं दुरून शिरायचं ॲप आज सकाळी मी काढून टाकलं. हात लागलाच होता, म्हणून मर्यादाही पन्नासवर आणली. ती वाढवायची असेल तर त्याने इथे यावं, भजनाला बसावं आणि सुमनबाईंना विचारून वाढवावी.