कावळ्यापुढं दिलेला शब्द

आबा, मला तुमचा राग आलाय आणि तो काढायला दुसरं कुणी सापडेना, म्हणून लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. दुपारचे तीन वाजलेत. विश्रामबागेतल्या आमच्या घरात तुमची नात नाही, ती क्लासला गेलीय, तुमचे जावई कामावर आहेत आणि आई आतल्या खोलीत पडलीय. झोपलीय का नुसती पडलीय, ते हल्ली कळत नाही. उद्या दादा लोणंदहून गाडी घेऊन येणार आणि आईला घेऊन जाणार. पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं आयर्लंडला निघालोय. तिथं म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं एक मोठं ठिकाण आहे, तिथं मला नर्सची नोकरी लागलीय. म्हणजे परक्यांच्या आयांना उठवायचं, बसवायचं, भरवायचं, आणि आपली आई भावाच्या दारात सोडून यायची. हसू नका. तुम्ही हसला असता, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे.

हे सगळं तुमच्या दहाव्याला सुरू झालं. नीरेच्या काठावर पिंड मांडलेले आणि कावळा काही शिवेना. बाभळीवर तीन कावळे बसलेले. खाली बघायचे, पंख झाडायचे आणि आपले पुन्हा बसून राहायचे. ऊन चढत चाललेलं. गुरुजींना पुढं दुसरीकडं जायचं होतं, ते सारखे घड्याळ बघत होते. मग आपल्याकडं चालतं ते सुरू झालं: गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखायचं आणि पिंडापुढं हात जोडून तसा शब्द द्यायचा. आधी काका पुढं झाले. म्हणाले, "बांधावरनं पुन्यांदा भांडान न्हाई करनार, शबुद देतो." कावळा हलला नाही. तुमचाही विश्वास बसला नसणार म्हणा. मग दादा म्हणाला, "आबा, आईची काळजी करू नगासा, मी सांबाळतो तिला." तरी कावळा ढिम्म. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "आरं, लेकीला म्होरं बोलवा, तिच्यात जीव हुता त्येंचा." मी मागं बायकांत उभी होते. दोन वर्षांची पोर तापानं फणफणलेली, तिला शेजारणीपाशी ठेवून आलेले. माझं सगळं ध्यान तिकडं. खरं सांगते आबा, त्या वेळी मी काहीही बोलले असते. मी म्हणाले, "आबा, आईला सोडून मी कुठं जाणार नाही." आणि तो मेला कावळा सरळ खाली उतरला. "शिवला, शिवला!" म्हणत सगळ्यांनी चपला शोधायला सुरुवात केली.

त्या दिवसापासून दादाला जन्माचं निमित्त मिळालं. वाईट नाही हो तो. पण आईचा विषय निघाला की त्याचं ठरलेलं बोलणं: "माझ्या शब्दाला कावळा शिवला न्हाई गं. तुझ्या शिवला. आबांचीच तशी इच्छा, आता मी काय करू?" वहिनी मान डोलावणार. आणि आई माझ्याकडं आली ती आलीच. जावयाच्या घरी कसं राहायचं म्हणून पहिलं वर्षभर ती रोज सकाळी पिशवी भरायची आणि संध्याकाळी रिकामी करायची. नंतर ते थांबलं. नंतर तिचे डोळे जायला लागले. काचबिंदू. आम्हाला कळलं तेव्हा उशीर झालेला, आणि मी नर्स! रोज लोकांचे डोळे, रक्तदाब, साखर बघत होते आणि घरात आईचा हात चहाच्या कपाच्या बाजूनं जातोय ते मला दिसलं नाही. आता तिला उजेड कुठून येतो तेवढं कळतं, बाकी अंधार. पण ह्या घरात ती अशी वावरते की नवीन माणसाला कळायचं नाही. पलंगापासून चार पावलं, मग फ्रिज, फ्रिजला हात लावून उजवीकडं ओटा. तुम्ही सुट्टीवर येताना मिलिटरीच्या कँटीनमधनं आणलेला कुकर अजून तीच लावते, तिसऱ्या शिट्टीला तीच गॅस बंद करते. कुणी मधे केलं की चिडते. "मला काय झालंया? हात हायती की," म्हणते.

राग येतो तो ह्याचा की तुम्ही सतरा वर्षं बाहेर होता. मला लोणंदचं स्टेशन आठवतं. सुट्टी संपलेली, तुम्ही कडक इस्त्रीच्या कपड्यात उभे, मी आईच्या पदराला धरून. तुम्ही आईला म्हणताय, "तू हाईस म्हणून मी जातोय." केवढं कौतुक वाटायचं मला त्या वाक्याचं! आता वाटतं, तुम्हाला बरं होतं की. मागं आई होती. माझ्या मागं कोण आहे? तुम्ही वर्षाला दोन महिने यायचा तरी अख्खा गाव म्हणायचा, फौजी माणूस, देशासाठी गेलाय. मी निघाले तर म्हणतात, पैशासाठी आंधळी आई टाकून चालली. तुम्हाला कुणी कावळ्यापुढं उभं केलं होतं का? आणि एकदा मिरजेला माझ्या वॉर्डात आला होता, आठवतंय? मी नवीन होते. कोपऱ्यातल्या म्हातारीनं हाक मारली, मी "आले हं" म्हणून दुसरीकडं गेले. बाहेर चहा पिताना तुम्ही मला झापलं. "आले म्हणून जायाचं न्हाई, त्यापेक्षा तोंडावर न्हाई म्हणावं. माणूस वाट तरी बगत न्हाई." चहा तसाच टाकून मी रडत परत गेले होते.

जायचं का नाही ह्यावर आमच्या घरात दोन वर्षं वाद झाले. तुमच्या जावयांची प्रेस तुम्हाला माहीत आहे, लग्नपत्रिका छापायचे. कृष्णेचं पाणी दोनदा आत शिरलं. पहिल्यांदा त्यांनी मशीन खोलून, पुसून, तेल घालून पुन्हा चालू केलं. दुसऱ्यांदा नुसतं शटर ओढून घरी आले आणि म्हणाले, "जेवायला वाढ." आता एका शोरूममध्ये नोकरीला आहेत, आलेल्या गिऱ्हाइकांना बसायला खुर्च्या देतात. मी तिकडच्या नोकरीसाठीची परीक्षा पास झाले तेव्हा त्यांनी पेढे आणले आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "मी तिथं काय करायचं? भांडी घासू?" परवापर्यंत त्यांचं एकच म्हणणं, तू ठरव, पण नंतर माझ्यावर ढकलू नकोस. तुमची नात सोळाची आहे, तिला जायचंच आहे. ती मला विचारते, "आई, कावळ्याला दिलेल्या शब्दाची मुदत किती असते गं?" मी तिला रागावले, पण मलाही तेच विचारायचं होतं. आईला बरोबर नेता येत नाही, तिथले नियम तसे आहेत, तेही विचारून झालं. काकांना कुठून तरी कळलं तर त्यांनी फोन करून सुनावलं, "शबुद मोडला तर त्यो आत्मा फिरत ऱ्हातो, ध्यानात ठिव." बांधावरून तीन वेळा कोर्टात गेलेला माणूस हे मला सांगतोय!

शेवटी तोड आईनंच काढली. म्हणाली, "कावळ्याम्होरं दिलेला शबुद कावळ्याम्होरंच सोडवू. औंदा म्हाळाला मी बोलते त्येंच्यासंगं." तुमचा म्हाळ, म्हणजे पितृपक्षातली तुमची तिथी, आम्ही दरवर्षी गच्चीवर पान ठेवून करतो. पण विश्रामबागेत त्या पंधरवड्यात प्रत्येक गच्चीवर पान असतं, कावळ्यांची चैन असते, आमच्याकडं कधी यायचे, कधी नाही. मला धास्ती बसली. नाही शिवला तर? आई आंधळी आहे, ती मलाच विचारणार, शिवला का. मी नुसतं हो म्हणाले असते तरी चाललं असतं. पण मेलेल्या बापाच्या पानावर आंधळ्या आईशी खोटं बोलायचं, एवढं माझ्यानं होईना. म्हणून मी काय केलं, तर गणपती बसले त्या दिवसापासून रोज सकाळी ड्युटीला जायच्या आधी गच्चीवर जायचे आणि कावळ्यांना खायला घालायचे. आधी चपातीचे तुकडे. मग फरसाण. मग उकडलेलं अंडं, ते त्यांना लय आवडतं. आठवड्याभरात गच्चीच्या दाराची कडी वाजली की चार-पाच जण कठड्यावर हजर व्हायला लागले. मला म्हणजे जिंकल्यासारखं वाटलं. शब्द मोडायचा नव्हता आणि खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून मी कावळ्यांना लाच दिली. सांगा आता, ह्याला काय म्हणतात?

म्हाळाच्या दिवशी आईनं सगळं स्वतः केलं. वडे तळायला तेवढं मला बसवलं. खीर, वरणभात, गवारीची भाजी, आणि पानाच्या कडेला तुमच्यासाठी तंबाखूची चिमूट. मी तिला हाताला धरून गच्चीवर नेलं. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि पानापुढं बसून तुमच्याशी बोलायला लागली, जशी ओट्यापाशी उभी राहून बोलायची तशी. "आवं, ऐकताय न्हवं? पोरीनं तुमास्नी शबुद दिलता. तिनं त्यो पाळला. चौदा वरसं मला काय कमी पडू दिलं न्हाई. आता तिला मोकळी करा. तिचं बी लेकरू हाय, तिचा बी परपंच हाय. माझी काळजी करू नगासा. मी हाय की मला." हे बोलून होतंय न होतंय तोच दोन कावळे उतरले आणि एकानं वडा उचलला. "शिवला का?" आईनं विचारलं. "शिवला," मी म्हणाले. तिनं हात जोडले. "बगा, कसं चटकन ऐकलं. जित्तेपणी कदी ऐकलं न्हाई माझं." तुमचे जावई मोठ्यानं हसले, पोरगी आजीच्या गळ्यात पडली, आणि त्याच दुपारी आम्ही तिकिटं काढली.

दादाला आता निमित्त उरलं नाही. मी लोणंदला जाऊन जागा बघून आले. वरच्या मजल्यावर घर, अरुंद जिना, बाहेरच्या बाजूनं लोखंडी कठडा. आईला द्यायची खोली म्हणजे खरं तर गॅलरी, पडदा लावून केलेली. वहिनीनं पलंग टाकून ठेवलाय, चादर नवीन आणलीय. मला बाजूला घेऊन विचारलं, "वन्सं, एकट्या किती वेळ राहू शकतात हो? मी कामाला जाते." मी म्हणाले, राहतात, सवय आहे त्यांना. सवय ह्या घराची आहे. तिथं तिला फ्रिज कुठं, दार कुठं, जिना कुठं सुरू होतो, काहीच ठाऊक नाही. ह्या वयात ती एखाद्या लहान पोरासारखी भिंती चाचपत फिरणार, आणि तो जिना पायाखाली येईल तेव्हा कुणी घरात असेल का नसेल. मी रोज दवाखान्यात पडलेल्या म्हाताऱ्या बघते. खुब्याचं हाड मोडलं की पुढं काय होतं ते मला कुणी समजावून सांगायला नको. हे मी दादाला बोलले नाही. बोलले असते तर तो नको म्हणाला असता.

आबा, हे इथपर्यंत कुणालाही सांगता येण्यासारखं आहे. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या मंगळवारी आईला डोळ्यांचे थेंब लिहून आणायला मिरजेला नेलं होतं, सहा महिन्यांचे एकदम. येताना रिक्षात आम्ही दोघीच होतो. मी पिशवीतल्या बाटल्यांवर सकाळ-संध्याकाळच्या वेगवेगळ्या खुणा करत होते, तिला बोटांनी कळाव्यात म्हणून रबर बांधत होते. आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाली, "बाय, कावळं तू चारत हुतीस, मला ठावं हाय. रोज सकाळी कडी वाजायची नि त्येंचा कालवा सुरू व्हायाचा. माझं डोळं गेल्यात, कान न्हाई गेलं. त्येंचं काय, खायाला घातलं की येत्यात. तुज्या बापाला मदी घिऊ नगं. मी सांगते, माझं ऐक. मला भ्या वाटतंय त्या घराचं. नगं जाऊस."

एवढंच बोलली. चौदा वर्षांत तिनं माझ्याकडं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. साडीसुद्धा नाही. रिक्षाचा आवाज होता, पण इतका नव्हता. मी पर्समधून मोबाईल काढला, कानाला लावला आणि बोलायला लागले. हॅलो, हां, सिस्टर बोलतेय, हां, उद्या देते, चावी तिथंच आहे. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता, तो हळूच उचलून तिनं आपल्या मांडीवर घेतला. घराच्या कोपऱ्यापर्यंत मी बोलत राहिले. उतरताना तिनं विचारलं, "कुनाचा फोन हुता?" मी म्हणाले, "दवाखान्यातला." "बरं," म्हणाली. त्यानंतर तिनं तो विषय काढलेला नाही. काल तर पोरीला म्हणत होती, तिकडं थंडी लय असती, कानाला बांधत जा.

आता ती उठलीय, आत पलंग वाजला. हे कागद मी तिच्यासमोर टेबलावर उघडे टाकले तरी तिला वाचता येणार नाहीत, आणि तुम्हाला पोचवायचे तर कुठल्या पत्त्यावर? ठेवीन कपाटात, नाहीतर फाडून टाकीन. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं की तिनं मला नको जाऊ म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. फोन कुणाचाच नव्हता, आबा.