असली कुणी बाई हितं न्हाई

वरची वाडी, ताम्हिणी
९ जुलै २०२५

चि. गौतमीस उषाआत्याचे अ. उ. आ.

मोबाईल बंद करून तांदळाच्या डब्यात पुरलाय, म्हणून हे पत्र. हसू नकोस, भाचरं लांब राहून हसतात आणि निस्तरावं लागतं आत्याला.

वरचा डोंगर कुणाच्या परवानगीनं फोडतायत आणि त्याच्याखाली राहणं धोक्याचं आहे का, एवढंच आपण माहितीच्या अधिकारात विचारलं. परवा फोन आला. उषा ज्ञानोबा दिघे का, असं विचारून तो माणूस म्हणाला की अर्ज मागं घ्या, न्हाईतर पावसाळ्यात माणूस कुटंबी घसरतो. वाडीत मला सगळे थोरली म्हणतात. मतदानाचा दिवस सोडला तर पूर्ण नावानं मला कोण विचारतं?

काल तर पाठीला पिशवी लावलेला एकजण मोटारसायकलवरून आला आणि तेच नाव घेऊन दारोदार विचारू लागला. मी शेजारच्या रत्नाबाईच्या गोठ्यात म्हशीमागं लपले. रत्नाबाईनं त्याला ठणकावलं की असली कुणी बाई हितं न्हाई आन् कदी नव्हती. सगळ्या वाडीनं तेच सांगितलं, म्हणून वाचले. रात्री पान हललं तरी दचकते.

तेवढं माझं नाव त्या अर्जावरून काढून टाक. घरच्यांना आशीर्वाद, आत्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
थोरली

महाळुंगे
१२ जुलै २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ताच मिळालं. लगेच आपण अर्ज केला त्या कार्यालयाची वेबसाईट उघडली. कार्यालयानं तुझा अर्ज जसाच्या तसा तिथं टाकलाय, नाव, पत्ता, मोबाईलसकट. सगळं उघड्यावर आलं की कुणाला काही लपवता येत नाही, असं मीच तुला ऐटीत सांगितलं होतं ना? त्यांनी तर तुलाच उघड्यावर आणलं. नाव काढायला कळवलंय, त्या फोनची पोलिसांत तक्रारही करू.

पण त्याच पानावर खाली तुझ्या अर्जाचं उत्तर आहे. तो पिशवीवाला कार्यालयाचा शिपाई होता गं. उत्तर हातोहात द्यायला आला होता. अर्जदार आढळून आल्या नाहीत, असा शेरा मारून त्यांनी प्रकरण बंद केलं. उत्तराला मे महिन्यातल्या पाहणीचा अहवाल जोडलाय. डोंगर फोडायला परवानगीच नाही, आणि वरच्या वाडीतली सगळी घरं पावसाआधी हलवावीत, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे मे महिन्यापासून त्यांना माहीत होतं!

वाडीतला एकही फोन लागत नाही. मला भीती वाटतेय आत्या, खूप. तुझा जावई शैलेश हे पत्र आणि अहवाल घेऊन आत्ताच निघतोय. वाचून झालं की भांडी आवरत बसू नकोस. सगळ्यांना घेऊन खालच्या शाळेत जा.

रागवायचं ते भेटल्यावर रागव, पण भेट.

तुझी,
गौतमी

शाळा, ताम्हिणी
१६ जुलै २०२५

चि. गौतमीस अ. उ. आ.

आम्ही सगळे जिवंत आहोत, हे आधी वाच.

जावयांनी भर पावसात अंगणात उभं राहून अहवाल वाचून दाखवला. रत्नाबाई म्हशीशिवाय हलायला तयार नव्हती, म्हणून म्हैसही शाळेत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगर खाली आला. माझं घर, तिचं घर, मी लपले होते तो गोठा, सगळ्यावर चिखल आहे. मोबाईल तांदळासकट गेला.

काल शाळेच्या दारात पुन्हा एक माणूस आला, उषा ज्ञानोबा दिघे कोण म्हणून विचारत. रत्नाबाई माझ्याकडं बघायला लागली. तो पंचनाम्याला आला होता, पण ते नंतर कळलं. त्या वेळी मला फोनवरचा आवाजच आठवत होता. तरी उठले आणि सांगितलं की मीच.

फोनवाल्याची भीती अजून गेलेली नाही. पण माझं नाव काढू नकोस. फक्त पत्ता काढ, तिथं आता घर नाही.

जावयांना आशीर्वाद. येशील तेव्हा म्हशीसाठी पेंड आण, आता ती घरचीच झाली आहे.

तुझी आत्या,
उषा ज्ञानोबा दिघे