टीव्हीवर दिलेला शब्द

वणी, ६ जानेवारी २०२५

ती. आईस,
प्रतिभाचा सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र. तू टीव्हीवर झळकल्यापासून आमच्या गल्लीत माझाही भाव वधारलाय! बायकांच्या गप्पांच्या त्या कार्यक्रमात काय ठसक्यात सांगितलंस, की विधवा सुनेचं लग्न मी वाजतगाजत लावून देईन. टाळ्या थांबेनात. माझ्या सासूबाईंनी डोळे पुसले आणि शेजारच्या अंजलीच्या विधवा नणंदेला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावूनही आल्या.

आणि तुझ्या घरात? सुवर्णावहिनीला ओझरच्या कारखान्यातला सोमनाथ पसंत आहे, तू होही म्हणालीस. पण काल तिचा फोन आला. तू म्हणे हळद नाही, बँड नाही, चार माणसांत गुपचूप पाट लावणार. पूर्वी विधवेचं लग्न असंच तोंड लपवून उरकायचे. आपला ललित गेला, यात तिचा काय गुन्हा? असं लपून करण्यापेक्षा लग्नच नको, म्हणाली ती. आई, मला तुझा फार राग आलाय. टाळ्या घेतल्यास, आता शब्द पाळ.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी,
प्रतिभा

मखमलाबाद, १२ जानेवारी २०२५

चि. सौ. प्रतिभास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी भडकले. शेवंती तोडताना मनातल्या मनात तुझ्याशी भांडले. त्या निवेदिकेने माइक पुढे केला आणि मी बोलून गेले, हे खरं. पण खोटं नव्हते बोलले. बाजारात तर बायका फुलं कमी घेतात आणि लग्नाची तारीख जास्त विचारतात!

अडलं कुठे ते ऐक. हळद म्हटली की सवाष्णी आल्या. तुझ्या हळदीला मी विधवा म्हणून आत भांडी आवरत बसले होते आणि तुला काकूने हळद लावली. ते अजून सलतं गं. सुवर्णाच्या वेळीही तसंच आत बसायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून हळदच नको म्हटलं. आणि हळदच नाही, तर बँड नि गर्दी तरी कशाला, असं झालं.

काल तिला हे सगळं सांगितलं. पहिली हळद तुम्हीच लावायची, नाहीतर मी पाटावर बसणार नाही, म्हणाली. भावकी कुरकुरतेय, कुरकुरू दे. लग्न माघात, भरदुपारी, दारात मांडव घालून, बँडसकट.

तू हळदीच्या दिवशी सकाळीच ये. सुवर्णाला लावून झाली की वाटीत थोडी हळद राखणार आहे. ती तुला लावायची आहे.

माया आहेच, ती घेऊन जायला ये.
तुझी आई,
भागुबाई