अप्पांनी काढून दिलेलं घड्याळ

उमा,

तू पाण्याला गेलतीस, तवा अप्पांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "आता तुझ्याकडंच राहू दे, रोज चावी देत जा," इतकंच बोलले आन् परभणीच्या डॉक्टरला दाखवून येतो म्हणून एकटेच निघाले. आज्ज्यानं हेच घड्याळ अप्पांना दिलं आन् पाचव्या दिवशी गेला, हे तुला ठाऊक हाय. मला काही घरात बसवंना. गाडी यायच्या आत चुडाव्याच्या स्टेशनावर त्यांना गाठायला जायलोय.

घड्याळ तांदळाच्या डब्यात हाय. मी हातात घातलं न्हाई. घातलं की घेतल्यासारखं होतंय. आईला दिसू देऊ नको, ती बघताक्षणी ओळखंल. उद्या सकाळपर्यंत आलो न्हाई तर चावी तू दे, बंद पडू देऊ नको. बैलाला पाणी दाखवायचं राहिलंय.

चुकामूक होऊन अप्पाच आधी आले, तर डॉक्टर काय म्हणाले ते विचारू नको. सून हाय म्हणून लाजू नको. पुढं हो आन् घड्याळ त्यांच्या मनगटावर बांध. माझ्याकडून ते परत घ्यायचे न्हाईत. तुला न्हाई म्हणायची त्यांची छाती व्हायची न्हाई.

लिंगराज